तसबिरीला नेसवलेले लुगडे

जुन्या घरांच्या देवघरात किंवा बैठकीत एका विशिष्ट प्रकारची तसबीर असे. चित्र छापील, लक्ष्मीचे किंवा सरस्वतीचे. पण लक्ष्मीच्या अंगावरचे लुगडे मात्र खऱ्या कापडाचे. पदराला जरीचा काठ, मुकुटावर टिकल्या, गळ्यात बारीक मण्यांची माळ. चेहरा, हात आणि पाऊल तेवढे कागदावरचे, बाकी सारे शिवलेले किंवा चिकटवलेले. काचेच्या आत ती देवी अशी उठून दिसे की लहान मुले काचेवर बोट लावून पाहत.

या तसबिरी आता झपाट्याने नाहीशा होत आहेत. जुने घर पाडून तिथे नवी इमारत उभी राहते, तेव्हा सागवानी खांब आणि दारे यांना गिऱ्हाईक मिळते. तसबिरी भंगारवाल्याच्या गाडीवर जातात. जुन्या चित्रांचा एखादा जाणकार व्यापारी भेटलाच, तर तोही चित्राखालची छापखान्याची ओळ वाचतो आणि वर चिकटवलेले कापड पाहून भाव पाडतो. कुणीतरी चित्र 'खराब' केले आहे, असे त्याचे म्हणणे असते. मी अनेक वर्षे गोंदियात इतिहास शिकवला आणि या भागातल्या घरांतून अशा तसबिरी पाहत आलो. माझे म्हणणे नेमके उलटे आहे. ज्या हातांनी ते कापड चिकटवले, त्या हातांचा दुसरा कोणताही लेखी पुरावा आपल्याकडे नाही. तसबीर गेली की त्या बाईचा इतिहासही गेला.

चित्र घरात आले कसे?

ही गोष्ट समजून घ्यायची तर आधी छापील चित्र सामान्य माणसाच्या घरात कसे पोचले ते पाहावे लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत रंगीत चित्र ही राजवाड्यातली, देवळातली किंवा पोथीतली वस्तू होती. १८७८ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने पुण्यात चित्रशाळा निघाली. रामपंचायतन, शिवपंचायतन, नाना फडणवीस अशी तिची रंगीत चित्रे घरोघर लागली. त्याच वर्षी कलकत्त्यात अन्नदाप्रसाद बागची यांनी 'कलकत्ता आर्ट स्टुडिओ' सुरू केला. पुढे १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांनी मुंबईत गिरगावात आपला छापखाना काढला. यंत्रे जर्मनीहून आणली, कारागीरही जर्मन. शकुंतलेचा जन्म हे तिथे छापलेले पहिले चित्र. १८९९ मध्ये हा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. चित्रपटाकडे वळण्याआधी दादासाहेब फाळक्यांनी याच छापखान्यासाठी काम केले होते. १९७२ मध्ये छापखान्याला आग लागली आणि ते पर्व संपले.

या चित्रांना 'ओलिओग्राफ' म्हणत. प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड तयार करायचा, एकावर एक रंग छापत जायचे आणि शेवटी कागदावर तेलरंगाच्या कॅनव्हाससारखा पोत उठवून वर वॉर्निश फिरवायचे. दुरून पाहणाऱ्याला अस्सल तैलचित्र वाटावे, हा हेतू. बडोद्याच्या महाराजांच्या महालात जशी चित्रे होती, तशीच आता कारकुनाच्या खोलीत दिसू लागली. चित्रांच्या खालच्या कडेला 'रविवर्मा प्रेस, कार्ला, लोणावळा' किंवा मोतीबाजारातले विक्रेते अनंत शिवाजी देसाई यांचे नाव इंग्रजीत छापलेले असे. काही देवदेवतांची चित्रे तर थेट जर्मनीत छापून इकडे येत.

आमचे गोंदिया मुंबई-हावडा लोहमार्गावरचे जंक्शन. इथूनच पूर्वी जबलपूरकडे आणि चांद्याकडे छोट्या गाड्या सुटत. धान, तेंदूपत्ता आणि बिडी यांचा व्यापार वाढला तसे मराठी, पोवारी, हिंदी, छत्तीसगढी, मारवाडी, गुजराती बोलणारे लोक इथे एकत्र आले. मला वाटते, त्यामुळेच या भागातल्या जुन्या घरांत मुंबईकडची आणि बंगालकडची चित्रे शेजारीशेजारी टांगलेली दिसतात. एका भिंतीवर रविवर्म्यांची लक्ष्मी आणि तिच्या बाजूला कलकत्त्याची काली. रेल्वेने माल आणला, तशी देवांची रूपेही आणली.

छापील कागदाला वस्त्र कशासाठी?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चित्र तर सुंदरच होते. रविवर्म्यांनी साडीची प्रत्येक चुणी रंगवली होती. मग त्या रंगवलेल्या साडीवर खरे कापड चिकटवावे असे कुणाला का वाटले असेल?

केवळ सजावटीची आवड, हे उत्तर अपुरे आहे. दुकानात असेपर्यंत ते चित्र असते. घरी आणून भिंतीवर लावले, हळदकुंकू वाहिले, उदबत्ती ओवाळली की तो देव होतो. आणि देवाला वस्त्र लागते. षोडशोपचार पूजेत वस्त्र हा एक उपचारच आहे. पंढरपूरच्या विठ्ठलाला पोशाख असतो, गावच्या देवीला खण-नारळाची ओटी आणि लुगडे असते. मग रोज ज्याच्यापुढे हात जोडायचे त्या तसबिरीतल्या देवीला कागदाच्याच साडीत कसे ठेवायचे? घरातल्या बाईने हा प्रश्न तिच्या पद्धतीने सोडवला. लग्नातल्या शालूचा जीर्ण झालेला काठ, बाळाच्या कुंचीचे उरलेले रेशीम, तुटलेल्या माळेतले मणी तिने देवीला दिले.

विदर्भातल्या वाचकांना याचे एक जिवंत उदाहरण घरातच सापडेल. पश्चिम महाराष्ट्रात ज्यांना गौरी म्हणतात, त्या आमच्याकडे महालक्ष्म्या. त्यांचा मुखवटा तयार मिळतो, पण देह घरच्या बायका उभा करतात. साडी कशी नेसवायची, निऱ्या किती घ्यायच्या, कोणता दागिना कुठे घालायचा हे दरवर्षी नव्याने ठरते. चेहरा दुसऱ्याने केलेला, बाकीची मूर्ती आपली. सजवलेल्या तसबिरीतही नेमके हेच घडले आहे. रविवर्म्यांनी मुखवटा दिला आणि महालक्ष्मी घरच्या बाईने उभी केली.

ही रीत केवळ आपल्याकडची नाही. तमिळनाडूत, विशेषतः चेट्टिनाडच्या मोठमोठ्या घरांत, कापड आणि टिकल्यांनी मढवलेल्या अशा तसबिरी होत्या. तंजावरच्या चित्रांत तर सोन्याचा वर्ख, काचा आणि खडे बसवण्याची परंपराच आहे आणि ती बहरली मराठ्यांच्या राज्यात. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजे भोसले यांच्या दरबाराने ती जोपासली. चित्राचा पृष्ठभाग सपाटच असला पाहिजे, त्याला कुणी हात लावता कामा नये, ही कल्पना आपल्याकडे उशिरा आली.

टिकली काय सांगते?

इतिहासाचे साधन म्हणून या तसबिरी कशा वाचायच्या? काही खुणा सांगतो.

पहिली खूण मागच्या बाजूला असते. फ्रेम करणारा चित्राच्या पाठीमागे पुठ्ठा लावी आणि धूळ जाऊ नये म्हणून वरून वर्तमानपत्राचा कागद डकवी. त्या कागदावरची तारीख मिळाली, तर तसबीर त्याआधी फ्रेम झालेली नाही एवढे नक्की कळते. दुसरी खूण टिकल्यांची. जुन्या टिकल्या धातूच्या. त्या काळवंडतात, कधी हिरवट पडतात. प्लॅस्टिकच्या टिकल्या दुसऱ्या महायुद्धानंतर आल्या. त्या काळ्या पडत नाहीत, मात्र त्यांचा रंग उडतो. तिसरी खूण दोऱ्याची आणि कापडाची. अस्सल जरीत रेशमी किंवा सुती दोऱ्याभोवती चांदीची बारीक तार असते, नंतरच्या जरीत प्लॅस्टिकचा चमकता पापुद्रा. नायलॉनचे कापड दिसले की आपण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलो.

गोंदिया परिसरातल्या धानाच्या एका जुन्या व्यापारी घरात मी सरस्वतीची एक तसबीर पाहिली. चित्र रविवर्मा छापखान्याचे. साडीचा काठ काळवंडलेल्या जरीचा, वीणेवर धातूच्या टिकल्या. पण मोराच्या पिसाऱ्यावर चकचकीत प्लॅस्टिकच्या टिकल्या आणि पायाशी नायलॉनच्या रिबनीचे कमळ. याचा अर्थ उघड आहे. त्या एका चित्रावर किमान दोन पिढ्यांनी काम केले होते. सासूने साडी नेसवली आणि तिच्या सुनेने किंवा नातसुनेने मोर सजवला. छापखान्याचे नाव कागदावर होते, या दोघींचे कुठेच नव्हते.

दुसरी तसबीर एका लहान गावातली. वाड्यात धुण्याभांड्याचे काम करणाऱ्या बाईला मालकिणीने दिलेली. वाड्याने ती टाकून दिली, कारण उंदराने गजलक्ष्मीच्या उजव्या बाजूचा हत्ती कुरतडला होता. त्या बाईने हत्ती गेलेल्या जागी हिरव्या कापडाचे झाड लावले आणि त्याच्या फांदीवर लाल लोकरीची फुले. आता चित्रात एकच हत्ती आहे आणि समोर झाड. ते कुणाला उणे वाटत नाही. वापरून टाकलेली, फाटकी वस्तू हाती आली, तेव्हा तिने ती नुसती जोडली नाही, त्यात आपल्या मनातले काहीतरी घातले. दुरुस्ती आणि निर्मिती यांच्यातली रेघ किती पुसट असते, ते या झाडाकडे पाहून समजते.

कात्री बिडीची, चित्र कॅलेंडरचे

छापील तसबीर विकत घेणे सगळ्यांनाच परवडत नव्हते. त्यांच्यासाठी कॅलेंडर आले. विसाव्या शतकाच्या मध्याला रघुवीर मुळगावकर (१९१८ ते १९७६) आणि दीनानाथ दलाल (१९१६ ते १९७१) या दोन चित्रकारांनी मराठी घरांच्या भिंती भरून टाकल्या. वर्ष संपले की तारखांचा भाग फाडायचा आणि चित्र ठेवायचे, हा सर्वांचा अनुभव. हे जुने झालेले चित्र मग नव्या कामाला लागे.

आमच्या भागात बिडी वळणाऱ्या बाईच्या हातात कात्री दिवसभर असते. पत्र्याचा साचा तेंदूच्या पानावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने पान कापायचे. वर्षानुवर्षे हे काम केलेला हात रेघ सोडत नाही. अशा घरांत मी कॅलेंडरवरचे देव कडेने अचूक कापून, वेगळ्या रंगीत कागदावर चिकटवून केलेल्या तसबिरी पाहिल्या आहेत. एका ठिकाणी राम-सीतेमागचा महाल कापून टाकला होता आणि त्या जागी साध्या रंगाने तलाव, पाळ आणि आंब्याचे झाड काढले होते. वनवासातले राम-सीता आपल्या गावच्या मामा तलावाच्या काठी आणून बसवले होते. ज्या कात्रीने रोजची मजुरी मिळते, तीच कात्री देवाच्या कामाला लागली, याचे त्या घरात कुणाला अप्रूप वाटत नव्हते. मला मात्र वाटले.

आणि हे काम एकट्याने, गुपचूप केलेले नव्हते. महालक्ष्म्यांची आरास पाहायला, चैत्रगौरीच्या आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका एकमेकींच्या घरी जात. तिथे भिंतीवरची तसबीर सगळ्यांच्या नजरेस पडे. काठ कुठला लावला, टिकली निघत नाही त्याला काय केले, खळ कशाची केली, अशी विचारपूस होई. मेथीच्या पाण्याची खळ की तांदळाची, मोरचूद घातले तर कसर लागत नाही की नाही, यावर मतभेदही होत. पुढच्या वर्षी तोच काठ, तीच माळ दुसऱ्या आळीतल्या तसबिरीवर दिसे. त्या काळच्या बायकांसाठी हळदीकुंकू हेच प्रदर्शन होते, तीच कार्यशाळा होती आणि तिथेच समीक्षाही होत असे.

जगात काय घडत होते?

आता गंमत पाहा. आपल्या बायका तसबिरींवर टिकल्या लावत होत्या, त्याच काळात युरोपातले कलावंत दुसऱ्याच्या चित्राला हात लावून खळबळ उडवत होते. १९१९ मध्ये मार्सेल द्युशाँ याने मोनालिसाच्या एका स्वस्त छापील कार्डावर मिशा आणि दाढी काढली. कलेच्या इतिहासात त्या मिशांवर पानेच्या पाने लिहिली गेली. १९५९ मध्ये डेन्मार्कचा चित्रकार आस्गर योर्न याने जुन्या बाजारातून अनाम चित्रकारांची निसर्गचित्रे विकत घेतली, त्यांवर आपले विचित्र प्राणी रंगवले आणि पॅरिसमध्ये त्यांचे प्रदर्शन भरवले. २०१३ मध्ये बँक्सी या टोपणनावाने वावरणाऱ्या कलावंताने न्यूयॉर्कमधल्या एका धर्मादाय संस्थेच्या जुन्या सामानाच्या दुकानातून ५० डॉलरला एक निसर्गचित्र घेतले, त्यातल्या बाकावर एक नाझी अधिकारी बसवला आणि चित्र त्याच संस्थेला परत दिले. लिलावात त्यावर सहा लाख डॉलरहून अधिक बोली लागली.

हेतू अर्थातच वेगळे होते. द्युशाँला पूज्य चित्राची पूज्यता उतरवायची होती. आपल्या बाईला साध्या कागदाला पूज्यता द्यायची होती. पण कृती एकच: तयार चित्र घ्यायचे आणि त्यात स्वतःचे काहीतरी घालायचे. एकाला इतिहासात नाव मिळाले, दुसरीला 'चित्र खराब केले' हा शेरा. त्यात आणखी एक अडचण अशी की, रविवर्म्यांच्या छापील चित्रांनाच आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता यांच्यासारख्या जाणकारांनी कमी लेखले होते. मग कमी लेखलेल्या चित्रावर काम करणाऱ्या अनाम बाईची दखल कोण घेणार?

हात कुठे लावावा, कुठे लावू नये

याचा अर्थ कुठल्याही चित्रावर ब्रश फिरवायला मोकळीक आहे, असा नाही. अजिंठ्याचे उदाहरण समोर आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या चित्रांच्या नकला करताना रंग उजळ दिसावेत म्हणून भिंतींवर वॉर्निश लावले गेले. पुढे निजामाच्या राजवटीत आलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग पक्के राहावेत म्हणून लाखेचा थर दिला. दोन्ही थर कालांतराने पिवळे-तपकिरी पडले आणि ते काढण्यात पुढच्या पिढ्यांची शक्ती गेली. अजिंठ्याची दुसरी प्रत नाही, म्हणून ही हानी मोठी.

कायद्याची बाजूही आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनासाठी शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी केलेले ब्राँझचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये त्यांना न विचारता उतरवले गेले आणि त्याची मोडतोड झाली. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्पकाराच्या बाजूने निकाल दिला. शिल्पाचे अवशेष त्यांना परत करावेत आणि पाच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश झाला. वस्तू विकली तरी कलावंताचा आपल्या कृतीशी असलेला संबंध तुटत नाही, हे तत्त्व त्यातून पक्के झाले.

म्हणून फरक करायला हवा. जिथे एकच मूळ कृती आहे, जिथे चित्रकार हयात आहे, तिथे हात आखडता घ्यावा. रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे तर १९७९ पासून राष्ट्रीय कलानिधी आहेत, ती देशाबाहेरही नेता येत नाहीत. पण ज्याच्या हजारो प्रती निघाल्या, त्यातली एक प्रत घरी आणून कुणी तिला लुगडे नेसवले, तर जगातले एक चित्र कमी झाले नाही, एक वाढले. हजारो लक्ष्म्या सारख्या होत्या, ही एकच वेगळी झाली.

सारस आणि स्वित्झर्लंड

ही गोष्ट संपलेली नाही, हे मला आमच्याच गावातल्या काही मुलींनी दाखवले. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडे बैठकीत बर्फाचे डोंगर, निळे तळे आणि लाकडी घर अशी परदेशी देखाव्यांची छापील चित्रे लावण्याची टूम होती. आता ती रद्दीत येतात. या मुली रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने ती आणतात आणि त्यांवर रंगकाम करतात. एकीने स्वित्झर्लंडच्या तळ्याकाठी धानाच्या बांध्या काढल्या आणि त्यांत सारसाची जोडी उभी केली. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात आणि तोही मोजकाच. मागे बर्फाचा डोंगर तसाच आहे. हसू येते आणि पुढच्याच क्षणी वाटते, या पक्ष्याला खरेच कुठे जागा उरली आहे?

रविवारी या मुली एकत्र बसतात, आपापली चित्रे एकमेकींना दाखवतात, कोणता रंग छापील कागदावर धरतो आणि कोणता नाही, याची चर्चा करतात. त्यांच्या आज्यांची हळदीकुंकवाची बैठक त्यांनी पाहिलेली नाही. तरी रीत तीच चालू आहे. एक फरक मात्र आहे. या मुली चित्राच्या कोपऱ्यात आपले नाव लिहितात.

त्यांच्या आज्यांना ते सुचले नाही किंवा तशी मुभा नव्हती. ते काम आता आपल्याला करता येईल. घरात अशी तसबीर असेल तर ती टाकण्यापूर्वी एवढे करा. वरचे कापड, टिकल्या काढून चित्र 'स्वच्छ' करू नका. ओल्या फडक्याने पुसू नका, खळ सुटते आणि कागद फुगतो. उन्हापासून आणि ओल्या भिंतीपासून ती दूर ठेवा. घरात एखादी वृद्ध आत्या किंवा मावशी असेल तर तिला विचारा की हे कुणी केले, काठ कुठल्या लुगड्याचा, मणी कुठून आले. ती जे सांगेल ते एका कागदावर लिहा: नाव, गाव, अंदाजे वर्ष. तो कागद पाकिटात घालून तसबिरीच्या मागे लावून ठेवा. त्याच पाठीवर फ्रेमवाल्याने डकवलेले वर्तमानपत्र असेल, तेही फाडू नका.